साडेसातची खरखर

“मशीन ओके आहे.” गेल्या वीस-बावीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य हेच असावं. बायकोशी मी इतक्या ठामपणे कधी काही बोललेलो नाही. बॅगेची चेन ओढायची, हात रुमालाला पुसायचे, साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहायचं आणि हे वाक्य टाकायचं. साहेब मान हलवतात, कागदावर सही करतात, चहा सांगतात. चहा पिऊन आपण निघतो. मागं राहिलेलं ते वाक्य कुणाच्या अंगावर जाऊन पडतं, हे बघायला मेकॅनिक थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

माझा धंदा ऑफिसातल्या फोनचा. बाहेरून आलेल्या दोन-चार लायनी एका पेटीत घ्यायच्या आणि तिथून वीस-पंचवीस टेबलांवर वाटायच्या. मग साहेब अकाउंटवाल्याला, अकाउंटवाला गोडाऊनला आणि गोडाऊनवाला पुन्हा साहेबाला फोन करून एकमेकांना कामाला लावू शकतात. या पेटीचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. आमच्याकडं सगळे तिला एक्स्चेंज म्हणतात. एके काळी पतपेढ्या, जिनिंग, दवाखाने, कॉलेजं, सगळीकडं भिंतीवर माझ्या पेट्या होत्या. मग मोबाईल आला आणि त्यांची गरज संपत गेली. सध्या मी कॅमेरे बसवतो आणि जुन्या पेट्या उतरवतो. उतरवायचं काम जास्त असतं.

फोन दुरुस्त करणं अवघड नसतं, दोष कुठं आहे ते सापडणं अवघड असतं. पेटीत पाल शिरून मेलेली असते, उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात, विजेनं एखादं कार्ड जळालेलं असतं. हे दोष सज्जन म्हणायचे, डोळ्यांना दिसतात तरी. खरा छळ मधूनच येणाऱ्या दोषाचा. आपण समोर बसलो की फोन शहाण्यासारखा वागतो आणि आपण गाडीला किक मारली की पुन्हा बिघडतो. अशा वेळी आमची एकच पद्धत असते, बदलून बघायचं. या टेबलावरचा फोन त्या टेबलावर लावायचा, पेटीतली जागा बदलायची, तार बदलायची. जी वस्तू बदलल्यावर दोष जातो ती गुन्हेगार. पद्धत चांगली आहे. माझ्या हातून तिनं एका माणसाचा घात केला, पण त्यात पद्धतीची चूक नव्हती.

हिंगोलीच्या बाहेर, वाशीम रस्त्याला हळदीची खरेदी-विक्री करणारी एक संस्था आहे. नाव सांगत नाही. तिथली पेटी मीच बसवलेली. तिथले टेलिफोन ऑपरेटर आंधळे होते. लहानपणी गोवरात डोळे गेलेले. अंधशाळेत शिकून, ऑपरेटरचा कोर्स करून ते तिथं लागले आणि वीस वर्षं त्याच खुर्चीवर बसले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला मेकॅनिक म्हणायचे, पण त्यांच्या सुरावरून वाटायचं की माझी परीक्षा अजून व्हायची आहे.

दादा कनेरगाव नाक्याहून यायचे. घर रस्त्याच्या एका बाजूला आणि हिंगोलीची एसटी धरायची दुसऱ्या बाजूला. मधला रस्ता ते रोज एकटे ओलांडायचे. तो काही गल्लीबोळ नव्हे, ट्रक आणि ट्रॅव्हल्स तिथून सुसाट जातात. मी एकदा विचारलं, भीती वाटत नाही का. म्हणाले, “गाड्या डोळेवाल्यांलाच ठोकरतेत. आमी ऐकून चालतो.”

कानांचा त्यांना गर्व होता आणि तो रास्त होता. माझी गाडी गेटातून आत वळली की आतून आवाज यायचा, “मेकॅनिक, चेन सैल झाली तुमची.” फोनवरच्या माणसाचं नुसतं खाकरणं ऐकून हा पुसेगावचा, हा सिद्धेश्वरकडचा, हे ते ओळखायचे. लायनीतले दोषही त्यांना माझ्या आधी कळायचे. “तीन नंबरची लाईन ओली झाली,” असं मला फोनवर सांगायचे, आणि जाऊन बघावं तर खरंच बाहेरच्या डबीचं झाकण उडून आत पाणी गेलेलं असायचं. मी म्हणायचो, “दादा, तुमीच मेकॅनिक व्हा.” ते म्हणायचे, “मंग तुमी काय करसाल? दुसरं काही येतं का तुमाला?”

त्यांचं खरं काम सकाळचं. घरात हळद ठेवून भावाची वाट बघणारी माणसं साडेसातपासून फोन करायची. काल कितीला सुटली, आज काय निघंल, टेम्पो भरायचा का थांबायचं, हे त्या एका फोनवर ठरायचं. दादा आदल्या दिवशीचे सगळे भाव तोंडपाठ सांगायचे. वर “घाई करू नका” किंवा “आणून टाका” असा सल्लाही द्यायचे, जो द्यायचा त्यांना काडीचा अधिकार नव्हता. लोक तो सल्ला ऐकायचे. त्यासाठी दादा पहिल्या एसटीनं निघून साडेसातच्या आत खुर्चीवर असायचे. बाकीचं ऑफिस दहाला उघडायचं, तोवर आत दादा आणि माझी पेटी, दोघंच.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. खंडेनवमीला जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो. माझी हत्यारं लोकांच्या भिंतींवर टांगलेली. म्हणून त्या दिवशी मी अंघोळ करून गावभर फिरायचो आणि बसवलेल्या एकेका पेटीची पूजा करायचो. दुसरा कुठला मेकॅनिक हे करत नव्हता आणि गिऱ्हाइकांना ते फार आवडायचं. पेटीवर झेंडूची माळ, झाकणावर हळदकुंकू, उंबऱ्याशी नारळ. नारळाचं पाणी तांब्यात धरायचं आणि फुलानं शिंपडायचं. पेटीत पाणी जाऊ नये एवढी अक्कल मला होती, म्हणून मी शिंपडायचो ते तिच्या खालच्या पट्टीवर. ही पट्टी म्हणजे जोडणीची जागा. पेटीतून आलेल्या तारा आणि टेबलांकडं जाणाऱ्या तारा तिथं बारीक चिमट्यांमध्ये एकमेकींना भेटतात. मला ती पेटीचे पाय वाटायची. पायांवर चार थेंब, चिमूटभर कुंकू, मग हात जोडायचे आणि खोबरं वाटायचं.

दादा विहारात जाणारे, त्यांना या पूजेचं काही नव्हतं. खोबरं मात्र आवडीनं खायचे. एका दसऱ्याला खोबरं चावता चावता म्हणाले, “मेकॅनिक, पानी आत ठिबकलं.”

“चार थेंबानं काय होतंय, दादा.”

“मला काय करायचं,” ते म्हणाले. “ऐकू आलं ते सांगितलं.”

सहा-सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. संस्थेचा फोन लागतो, कुणीतरी उचलतं आणि बोलतच नाही. लोक “हॅलो, हॅलो” करून थकतात. आधी एक-दोघांनी सांगितलं, मग रोज कुणीतरी सांगायला लागलं. शेवटी एका संचालकाचे साडू सिद्धेश्वरकडून टेम्पो भरून आले, भाव उतरलेला बघितला आणि भर ऑफिसात दादांच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “फोन उचलून गप बसता व्हय तुमी?” दादा म्हणाले, मला तुमचा आवाज आलाच नाही. साडू म्हणाले, मी काय खोटं बोलून राहिलो का. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला बोलावलं.

मॅनेजर सज्जन माणूस होता. आरडाओरडा करणारा नव्हता, कागदावर विश्वास ठेवणारा होता. त्यानं विचारलं, कुठला फोन कधी आला आणि कुणी उचलला, हे मशीनमधून निघतं का. निघतं, मी म्हणालो, आणि काढून दिलं. पेटी सगळं लिहून ठेवते. त्या कागदावर स्वच्छ दिसत होतं, सकाळचे आठ-दहा फोन ऑपरेटरच्या टेबलावर आले, एकदा घंटी वाजली, लगेच उचलले गेले, मिनिटभर चालू राहिले आणि बंद झाले. मॅनेजर कागदाकडं बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “म्हणजे उचलतात तर खरं.”

इथं मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी बोललो नाही. पेटीला माणसाचा हात दिसत नाही. फोन उचलला की लायनीतून करंट वाहतो, पेटीला तेवढंच कळतं. तारांमध्ये कुठं ओल शिरून करंट आपोआप वाहिला, तर फोन जागेवर असूनही पेटी लिहिते, उचलला. हे शिकाऊ मेकॅनिकलाही ठाऊक असतं. मला वाटलं, आधी तपासू, मग सांगू. तपासलं, पण सांगायचं राहिलं.

दादांना विचारलं तर त्यांनी दोष जवळपास माझ्या हातात आणून ठेवला. “अर्धी घंटी वाजती अन् तुटती. मी उचलतो, तर नुसती खरखर. पलीकडचा मानूस हिरीत बसून बोलून राहिला असं वाटतं.”

“कधी?”

“सकाळी. साडेसातपून नऊपर्यंत. मागच्या भिंतीवर ऊन आलं, भिंत पाठीला गरम लागली, की आपसूक साफ.”

मी घड्याळात बघितलं. अडीच वाजले होते. फोन उचलून ऐकला, लाईन काचेसारखी स्वच्छ. मीटर लावला, सगळं बराबर. दादा म्हणाले, “आत्ता न्हाई सापडायचं. उद्या सकाळी साडेसातला या. चहा मी पाजतो.”

येतो म्हणालो. गेलो नाही. मी सकाळी कुठं जात नाही, ही माझी जुनी खोड. अकराला दुकान उघडायचं, दुपारी जेवून कामाला निघायचं. त्या सकाळी थंडी होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा येतो म्हणालो, आणि त्या सकाळीही थंडीच होती. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. सासुरवाडीत काही झालं होतं, गाडी बंद पडली होती, असं काही असतं तर आज मला बरं वाटलं असतं.

गेलो तीन वेळा, तिन्ही वेळा दुपारी. पहिल्यांदा फोन बदलला. दुसऱ्यांदा पेटीतली जागा बदलली. तिसऱ्यांदा पट्टीपासून टेबलापर्यंत नवी तार ओढली. पट्टी तेवढी बदलली नाही. ती मी स्वतः बसवलेली होती, दरवर्षी मी तिला हात जोडत होतो. तिच्यात काही असेल, असं मनातच आलं नाही. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या तक्रारी तशाच. फोन बदलला, जागा बदलली, तार बदलली, तरी दोष जात नाही. बदलून बघायच्या पद्धतीनं उरले होते फक्त दादा.

मी केबिनच्या दारात उभा राहिलो. “मशीन ओके आहे,” मी म्हणालो. मॅनेजरनं विचारलं, मग काय असेल? दादा आळशी आहेत, फोन उचलून ठेवून झोपतात, असं मला म्हणायचं नव्हतं. माझा त्यांच्यावर जीव होता. मी त्यातल्या त्यात मऊ शब्द शोधला. म्हणालो, “वय झालं साहेब त्यांचं. एकदा कान तपासून घ्यायला सांगा.” आपण दादांना वाचवलं, असंच मला त्या वेळी वाटलं होतं. मॅनेजरलाही ते पटलं. आळसापेक्षा बहिरेपण त्याला बरं वाटलं, त्यात कुणावर ओरडावं लागत नव्हतं.

केबिन आणि दादांचं टेबल यांच्यामध्ये फक्त काच होती. बाहेर आलो तेव्हा ते सरळ बसले होते, दोन्ही हात टेबलावर. त्यांनी ऐकलं असणार, हे मला कळत होतं आणि ते काहीतरी बोलतील म्हणून मी बॅग उगीच पुन्हा उघडून बंद केली. ते म्हणाले, “चहा सांगितला तुमचा. घेऊन जा.” मग थोड्या वेळानं, “तपासतो कान.”

दवाखान्यात तपासलं. डॉक्टर म्हणाले, थोडं कमी आहे, पण वयाच्या मानानं ठीक आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही ते बहुधा हेच सांगतील. पण मॅनेजरला ‘थोडं कमी आहे’ एवढंच पुरेसं झालं. मला नंतर कळलं की दादांनाही तेवढंच पुरेसं झालं होतं.

मार्चमध्ये त्यांना निरोप दिला. करारावरची नोकरी, पुढं वाढवली नाही, एवढंच. शाल आणि श्रीफळ झालं, मॅनेजर दोन शब्द बोलला, त्यात ‘आजवरची सेवा’ असं काही होतं. मला बोलावलं होतं आणि मी टाळ्या वाजवल्या. दादांनी नारळाच्या शेंडीवरून बोटं फिरवली आणि तो माझ्या हातात दिला. “ठेवा तुमच्या दसऱ्याला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच होती की नव्हती, मला ओळखता आलं नाही. घरी बायकोनं त्याची चटणी केली.

त्यानंतर तक्रारी बंद झाल्या. म्हणजे संस्थेनं भाव विचारायला एक मोबाईल नंबर दिला आणि पुढं भाव मोबाईलच्या ग्रुपवरच यायला लागले. सकाळी साडेसातला त्या टेबलावर फोन येणंच थांबलं. पण मी तसा विचार केला नाही. तक्रारी बंद झाल्या, म्हणजे आपण सांगितलं ते बरोबर निघालं, असाच हिशेब मी मनात केला. दोन-चार जणांना तसं सांगितलंही. पुढच्या दसऱ्यांना मी तिथं जातच राहिलो, पट्टीवर थेंब शिंपडतच राहिलो.

या हिवाळ्यात संस्थेचा निरोप आला की ऑफिस रंगवायचं आहे, पेटी उतरवून न्या. रंगारी नऊला येणार होते, म्हणून त्याआधी काम उरकायला हवं होतं. असा मी त्या इमारतीत पहिल्यांदाच सकाळी साडेसातला गेलो. कयाधूकडून धुकं आलेलं होतं, भिंतीला हात लावला तर ओला झाला. दादांची खुर्ची तीच होती, टेबलावर जुन्या पावती-पुस्तकांचा ढीग होता आणि त्याखाली तो फोन, मीच बदलून दिलेला. पेटी बंद करायच्या आधी सवयीनं मी तो उचलून कानाला लावला.

खरखर होती. चांगली जाड, कान मागं घ्यावा अशी.

मी खुर्चीवर बसलो. फोन जागेवर ठेवला आणि पलीकडच्या टेबलावरून या फोनला घंटी दिली. अर्धी वाजली आणि तुटली. पेटीवरचा दिवा सांगत होता, उचलला. फोन माझ्या डोळ्यांसमोर जागेवर होता, त्याला कुणी हात लावलेला नव्हता. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तेच झालं. मग पट्टीतून त्या टेबलाची तार सोडवली आणि पेटीला थेट लावली. खरखर गेली, घंटी पूर्ण वाजली. दहा मिनिटांत दोष सापडला होता.

पट्टी भिंतीवरून उतरवून खिडकीशी नेली. चिमट्यांमध्ये हिरवा कळंक चढलेला, आणि त्यावर कुंकवाचा, हळदीचा वर्षानुवर्षांचा थर, नारळाच्या पाण्यानं चिकट होऊन घट्ट बसलेला. दुपारी सुकला की गप्प, सकाळी धुक्यानं ओलावला की करंट सोडणारा. वरच्या ओळीत पहिला चिमटा ऑपरेटरचा, आणि माझे थेंब सगळ्यात आधी तिथंच पडायचे. नऊच्या सुमाराला मागच्या भिंतीवर ऊन आलं. मी पाठ टेकवून बसलो होतो, भिंत गरम लागायला लागली. रंगारी येऊन दारात उभे राहिले, तरी मला उठवेना. मला लाज वाटत होती, आणि ती लाज बघायला तिथं कुणीच ओळखीचं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं होतं.

पट्टी बॅगेत ठेवून मी तीन दिवस फिरलो. दादांना सांगून काय मिळणार, असा प्रश्न स्वतःला विचारत राहिलो. नोकरी परत मिळणार नव्हती, ती जागाच राहिली नव्हती. उलट त्यांना त्रास होईल, असंही मनाला समजावून बघितलं. चौथ्या दिवशी कनेरगाव नाक्याला गेलो.

दादांच्या धाकट्या भावाचं पंक्चरचं दुकान रस्त्याला लागूनच आहे. दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दादा बसलेले होते, केस सगळे पांढरे झालेले. मी गाडी लावली. एकेकाळी गेटातून वळलो की मला ओळखणारा माणूस तोंड माझ्याकडं करून गप्प राहिला. मी जवळ जाऊन बोललो, तेव्हा म्हणाले, “तुमीच असान असं वाटलं व्हतं. पन आजकाल मी अंदाज करत न्हाई.”

त्यांची भावजय पाणी घेऊन आली. तिच्याकडून कळलं की दादा आता कुठं जात नाहीत. समोरच्या हॉटेलात चहाला जातात, तेही तिनं हात धरून नेलं तरच. “आधी एकटे जायचे ना,” मी म्हणालो. ती म्हणाली, “कान गेलेत ना भाऊजींचे. त्या हापिसवाल्यांनीच सांगितलं. तवापासून रोड वलांडत न्हाईत. मी हळू बोललेलं बी ऐकू येतं त्यांना, पन त्यांचाच इश्वास न्हाई राहिला.”

ती आत गेल्यावर बॅगेतून पट्टी काढली आणि दादांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी चाचपली, वरच्या पहिल्या चिमट्याशी अंगठा थांबला. नखानं थर खरवडला, बोट नाकाशी नेलं.

“हळदकुंकू,” ते म्हणाले. “तुमच्या दसऱ्याचं.”

“व्हय दादा.”

“पानी ठिबकलं व्हतं त्याच्यात.”

“व्हय.”

मी सगळं सांगितलं. धुक्याच्या सकाळी गेलो ते, अर्धी घंटी, दिवा, ऊन. तुम्ही सांगितलं तेव्हा सकाळी आलो नाही, हेही सांगितलं. माफ करा म्हणालो. हा शब्द मी मोठ्या माणसांना सहसा म्हणत नाही, मान खाली घालून वेळ मारून नेतो. पण त्यांना मान दिसणार नव्हती. ते पट्टी मांडीवर ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, “खरखर व्हती म्हना.”

“व्हती. अन् कान तुमचे बराबर व्हते.”

“बराबर व्हते,” ते म्हणाले, मला उत्तर म्हणून नव्हे. आतमध्ये भावानं हवा भरायचं यंत्र चालू केलं. मी त्यांच्या रागाची वाट बघत होतो. राग आला असता तर मला तो झेलता आला असता, त्याची मी वाटेत तयारी केली होती. ते रागावले नाहीत. त्यांनी पट्टी माझ्याकडं परत केली आणि उठले. “चला. चहा घेऊ समोर.”

मी हात पुढं केला. “राहू द्या,” ते म्हणाले. काठी घेऊन रस्त्याच्या कडेला गेले, डांबर सुरू होतं तिथं बरोबर थांबले आणि मान थोडी तिरपी केली. एक ट्रक गेला, मागून दोन मोटारसायकली गेल्या. मग रस्ता मोकळा झाला. मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, दोन्हीकडं वळणापर्यंत काही नव्हतं. दादांनी पाय उचलला आणि परत मागं ठेवला.

“काहीतरी येऊन राहिलं,” ते म्हणाले.

“काही न्हाई, दादा. मोकळा हाये.”

“न्हाई?”

“न्हाई. मी बघून राहिलो ना.”

ते तसेच उभे राहिले. त्यांनी काठीवरचे हात वर-खाली बदलले. “मंग माझ्याच कानात असंल,” ते म्हणाले. वळले, पावलं मोजत खुर्चीपर्यंत आले आणि बसले.

ते बसल्यावर वाशीमकडच्या वळणावर टेम्पो दिसला. आधी ठिपक्याएवढा, मग मोठा होत होत आमच्यासमोरून गेला, धूळ उडाली. मी रस्त्याच्या कडेलाच उभा होतो. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

“हळदीचा हाये,” मागून दादा म्हणाले. “भरलेला.”

टेम्पोत पोती होती, वर ताडपत्री बांधलेली. मी व्हय म्हणालो. त्यानंतर रस्ता बराच वेळ मोकळा होता, पण ते उठले नाहीत.